प्रकाशाचे बिल दोनदा येते

व्यापारी घराण्यांत पूर्वी एक शिस्त कटाक्षाने पाळली जाई. माल खरेदी करताना भावाच्या आकड्याखाली हमाली, तोलाई, भाडे, घट आणि व्याज यांचेही आकडे मांडले जात, आणि त्यांची बेरीज झाल्याशिवाय सौद्याला होकार दिला जात नसे. ज्याने केवळ खरेदीचा भाव पाहिला, त्याचा नफा गोदामातच जिरून गेला, असा अनुभव पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. आज नव्या पिढीपुढे नवे उद्योग येत आहेत. त्यांची यंत्रे नवी आहेत, भाषाही नवी आहे; परंतु कडेचे आकडे विसरण्याची चूक मात्र जुनीच आहे.

बंद खोलीत विजेच्या प्रखर दिव्यांखाली भाजीपाला पिकविणे हा असाच एक उद्योग. ऊन नको, पाऊस नको, जमीन थोडी, कीड कमी आणि बारमाही पीक, अशी त्याची आकर्षक मांडणी केली जाते. अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक डिक्सन डेस्पोमिये यांचे उभ्या शेतीवरील पुस्तक २०१० साली प्रसिद्ध झाले आणि या कल्पनेला जगभर प्रसिद्धी मिळाली. निळा प्रकाश देणाऱ्या एलईडीच्या शोधाबद्दल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तीन शास्त्रज्ञांना २०१४ साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक लाभले. त्या शोधामुळे कमी विजेत अधिक उजेड देणारे दिवे स्वस्त होत गेले आणि ही कल्पना व्यवहाराच्या कक्षेत आली.

मात्र पुढचा इतिहासही वाचला पाहिजे. अमेरिकेतील एरोफार्म्स या नामांकित कंपनीने जून २०२३ मध्ये दिवाळखोरी संरक्षणासाठी न्यायालयात अर्ज केला. बॉवरी फार्मिंगने नोव्हेंबर २०२४ मध्ये कामकाज थांबविले. प्लेंटी या कंपनीने मार्च २०२५ मध्ये तोच न्यायालयाचा मार्ग धरला. या कंपन्यांना भांडवलाची वाण नव्हती, तज्ज्ञांचीही नव्हती. अशा अपयशाला कारणे अनेक असतात; पण या व्यवसायात विजेचा खर्च हा नेहमीच मोठ्या खर्चांपैकी एक असतो, आणि त्या विजेचा एक मोठा हिस्सा प्रकाशासाठी नव्हे, तर प्रकाशातून निर्माण झालेली उष्णता बाहेर काढण्यासाठी जातो. नव्या उद्योजकाच्या टाचणात नेमकी हीच ओळ बहुधा नसते.

एका घरातील प्रश्न

उदाहरणादाखल सोलापुरातील एक भुसार व्यापारी कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. आडतीचा धंदा तीन पिढ्यांचा. पूर्वी ज्वारी आणि तूर यांच्या थप्प्यांनी भरलेले गोदाम आता वर्षातील बराच काळ रिकामे असते. कृषी पदवीधर असलेल्या धाकट्या मुलाने त्या गोदामात लेट्यूस आणि बेसिल पिकवून मोठ्या शहरांतील हॉटेलांना पुरविण्याची योजना आखली. कर्जासाठी गोदाम तारण ठेवावयाचे आणि वडिलांनी जामीनदार म्हणून सही करावयाची, असे ठरत आले. गोदाम गेले तर आडतीचा परवाना राहील, पण माल ठेवायला छप्पर राहणार नाही. थोरल्या बहिणीचे लग्न दोन वर्षांवर आलेले. म्हणजे प्रश्न केवळ एका तरुणाच्या हौसेचा नव्हता.

रात्री सर्वजण बैठकीत बसले असता मुलाने आकडेमोड वाचून दाखविली. वाफ्यांचे क्षेत्र ४० चौरस मीटर, म्हणजे सुमारे ४३० चौरस फूट. खोली ३३ फूट लांब, २० फूट रुंद. रस्त्यांवरचे जुने ४०० वॅटचे सोडियम दिवे स्वस्तात मिळतात, ते २५ नग. रोज १६ तास प्रकाश. दीड टनाचे एक एसी. विजेचा दर सरासरी १० रुपये युनिट धरून महिन्याचे बिल ४८,००० रुपये.

आजोबांनी सारे ऐकून घेतले. त्यांच्या तरुणपणी हंगामात रात्री गॅसबत्तीच्या उजेडात माल तोलला जाई. बत्तीखाली बसणाऱ्या दिवाणजीचा सदरा घामाने भिजे, हे त्यांच्या स्मरणात होते. त्यांनी एवढेच विचारले, "बाळ, दिव्यांची ऊब जाते कुठे? तिचे खाते या कागदावर दिसत नाही."

"एसी आहे ना, आजोबा," मुलगा म्हणाला.

"एसी आहे, पण त्याची वीज कुठे लिहिली आहेस?"

आजोबांना भौतिकशास्त्र ठाऊक नव्हते. जमाखर्च ठाऊक होता. मिळालेली प्रत्येक रक्कम कुठल्या ना कुठल्या खात्यात गेलीच पाहिजे, हा त्यांचा नियम. आणि ऊर्जेलाही तोच नियम लागू आहे.

उष्णतेची खतावणी

दिव्याला दिलेल्या विजेचा काही भाग प्रकाश होतो आणि उरलेला तिथल्या तिथे उष्णता होतो. प्रकाशही पानांवर, मातीवर, भिंतींवर पडून शेवटी उष्णताच होतो. झाड त्यातील फारच थोडा भाग, शंभरातील एक-दोन हिस्से, आपल्या अंगात साठवते. म्हणून बंद खोलीत १ किलोवॅटचा दिवा लावणे म्हणजे जवळजवळ १ किलोवॅटची शेगडी लावण्यासारखेच आहे. दिवा महाग असो की स्वस्त, एलईडी असो की सोडियम, या नियमाला अपवाद नाही. 'एलईडी गरम होत नाही' ही समजूत चुकीची आहे. तेवढ्याच प्रकाशासाठी त्याला वीज कमी लागते, म्हणून उष्णता कमी होते, एवढाच त्याचा अर्थ.

झाडांच्या दृष्टीने प्रकाश मोजण्याचे एकक मायक्रोमोल हे आहे. जुन्या चोकवरचे सोडियम दिवे १ ज्यूल विजेमागे सुमारे १ मायक्रोमोल प्रकाश देतात. सुधारित, इलेक्ट्रॉनिक चोकचे सोडियम दिवे सुमारे १.७ पर्यंत पोहोचतात. चांगले एलईडी २.५ किंवा त्याहून अधिक देतात. लेट्यूसला रोज १६ तास, चौरस मीटरवर दर सेकंदाला २५० मायक्रोमोल प्रकाश द्यावयाचा ठरविल्यास जुन्या सोडियमला चौरस मीटरमागे २५० वॅट लागतील आणि एलईडीला १००.

४० चौरस मीटरचा हिशेब मग असा होतो. जुने सोडियम दिवे १० किलोवॅट घेतील. रोजची वीज १६० युनिट. एलईडी ४ किलोवॅट घेतील. रोजची वीज ६४ युनिट. हे झाले पहिले बिल.

आता दुसरे बिल. शीतयंत्राचा एक टन म्हणजे सुमारे ३.५ किलोवॅट उष्णता ओढण्याची क्षमता. सोडियमची १० किलोवॅट उष्णता काढण्यास पावणेतीन टनांहून अधिक क्षमता हवी. एलईडीच्या ४ किलोवॅटला सव्वा टनाच्या आत भागते. यात भिंती, छप्पर, पंप, पंखे आणि माणसे यांची उष्णता धरलेली नाही. मुलाच्या टाचणातील दीड टनाचे एसी सोडियमच्या दिव्यांपुढे पहिल्याच दिवशी हात टेकणार होते.

चांगले एसी एक युनिट वीज खर्चून साधारणतः तीन युनिट उष्णता बाहेर टाकते असे धरले, तर सोडियमसाठी रोज आणखी ५३ युनिट आणि एलईडीसाठी २१ युनिट लागतील. एकूण बेरीज सोडियमची २१३ युनिट, एलईडीची ८५ युनिट. फरक रोज १२८ युनिटांचा, म्हणजे १० रुपये दराने १,२८० रुपयांचा. महिन्याला ३८,४०० रुपये आणि वर्षाला चार लाख सदुसष्ट हजारांचा. पीक दोन्हीकडे तेवढेच.

समजा, एलईडी घेण्यासाठी तीन लाख रुपये जास्त मोजावे लागले आणि ते ११ टक्के व्याजाने उचलले. वर्षाचे व्याज ३३,००० रुपये. स्वस्त दिवे घेऊन वाचविलेली रक्कम वर्ष पुरे होण्याआधीच विजेच्या बिलात परत जाते आणि त्यानंतर दरवर्षी जात राहते. भांडवली खर्चात वाचविलेला रुपया महसुली खर्चात दीडपट होऊन बाहेर पडावा, असे हे उदाहरण आहे. कर्जाच्या अर्जात यंत्रांची किंमत ठळक दिसते, चालू खर्च मात्र अंदाजाने एका ओळीत लिहिला जातो. अनेक प्रकल्पांची घडी नेमकी तिथेच विसकटते.

उष्णता पडते कुठे

उष्णता किती, याइतकाच ती कुठे पडते हाही प्रश्न आहे. सोडियम दिवा आपल्या उष्णतेचा मोठा भाग अदृश्य किरणांच्या रूपाने थेट खाली पानांवर फेकतो. खोलीतील हवेचा तापमापक २६ अंश दाखवितो आणि पान मात्र त्याहून काही अंशांनी तापलेले असते. त्यामुळे हे दिवे पिकापासून उंच टांगावे लागतात आणि एकावर एक मजले रचता येत नाहीत. एलईडीची उष्णता बहुतांशी दिव्याच्या पाठीमागे, अॅल्युमिनियमच्या पट्टीत जमा होते. म्हणून ते पिकाच्या बरेच जवळ आणता येतात, मांडण्यांचे मजले रचता येतात आणि तेवढेच पीक निम्म्या खोलीत बसते. खोली लहान झाली की बाहेरून येणारी उष्णताही कमी होते.

मात्र त्या पट्टीभोवती हवा खेळती नसेल, तर एलईडी स्वतःच तापतो. त्याचा प्रकाश घटतो आणि आयुष्यही कमी होते. दिव्यांचे चोक किंवा ड्रायव्हर शक्य असेल तिथे खोलीबाहेर बसवावेत. तेवढी उष्णता आत येतच नाही. ऊतिसंवर्धनाच्या प्रयोगशाळांत ही पद्धत जुनी आहे. जळगावच्या जैन इरिगेशनच्या ऊतिसंवर्धित केळीरोपांमुळे हे तंत्र महाराष्ट्रातील शेतकऱ्यांच्या परिचयाचे झाले आहे. अशा रोपांच्या वाढकक्षांत साधारणतः २५ अंशांच्या आसपास तापमान आणि १६ तास प्रकाश ठेवला जातो, आणि ट्यूबलाइटच्या काळापासून चोक बाहेर काढून बसविण्याचा सल्ला दिला जातो. एक किलो लेट्यूसपेक्षा एका ट्रेमधील रोपांचे मोल अधिक असते, म्हणून तिथे विजेचा भार पेलतो, हाही त्यातील बोध लक्षात घेण्याजोगा आहे.

माठ आणि बंद खोली

हिशेबात आणखी एक गुंतागुंत आहे. झाडे पानांवाटे पाणी बाहेर टाकतात आणि त्या बाष्पीभवनाने, माठातील पाण्याप्रमाणे, स्वतः थंड राहतात. दिव्यांच्या ४ किलोवॅट उष्णतेपैकी निम्मी या मार्गाने गेली, तर तासाला सुमारे ३ लिटर आणि १६ तासांत ४५ लिटरांहून अधिक पाणी वाफ होऊन हवेत मिसळते. उष्णता नाहीशी झाली असे वाटते. प्रत्यक्षात ती वाफेच्या रूपाने खोलीतच उभी असते. ती वाफ एसीच्या थंड नळ्यांवर पुन्हा पाणी होते, तेव्हा तीच उष्णता परत मोजून द्यावी लागते. एका लिटरमागे सुमारे ०.६८ युनिट एवढी ती भरते. उधारी एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फिरविली म्हणून कर्ज फिटत नाही, तसाच हा प्रकार.

याच कारणाने सोलापूरसारख्या कोरड्या हवेच्या गावात घराघरांत चालणारा कूलर बंद खोलीत निरुपयोगी ठरतो. तो हवा थंड करतो तो पाणी मिसळूनच. दमट हवेत पानांचा बाष्पोच्छ्वास मंदावतो, पानांच्या टोकांपर्यंत कॅल्शियम पोहोचत नाही, लेट्यूसची कोवळी टोके करपतात आणि बुरशी धरते. दिवे बंद झाल्यावर तर धोका वाढतो. खोली थंड असल्याने एसी थांबते, पण झाडांतून व मातीतून वाफ येतच राहते. अशा वेळी आर्द्रता कमी करणारे वेगळे यंत्र लागते. आणि ते यंत्रही आपली वीज व वाफेची उष्णता दोन्ही खोलीतच सोडते. म्हणून तापमापकाशेजारी आर्द्रतामापक हवाच. छोटे पंखे असे लावावेत, की प्रत्येक पान हलके थरथरत राहील.

भुसार व्यापाऱ्याला यातील एक गोष्ट नव्याने शिकविण्याची गरज नाही. ओलसर धान्याची थप्पी आतून तापते आणि पोत्यात हात घातला की ते कळते. आर्द्रता आणि उष्णता ही जुळी भावंडे आहेत, हे आडतदाराला पुस्तकाशिवाय ठाऊक असते. फक्त ते ज्ञान नव्या खोलीत नेण्याचे भान हवे.

वैशाखातील कसोटी

सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या पुढे जातो. एसीची टनांतील क्षमता बाहेरचे तापमान ३५ अंश असताना मोजलेली असते. बाहेर ४२ अंश असताना तीच क्षमता घटते आणि वीज मात्र अधिक लागते. म्हणून यंत्राची निवड डिसेंबरच्या हवेवर नव्हे, तर वैशाखातील दुपारवर करावी. पत्र्याच्या छपराखाली थेट अशी खोली करू नये. पफ पॅनेलची खोली आत उभी करून वर हवा खेळती ठेवावी. एसीचा बाहेरील भाग सावलीत, मोकळ्या जागी असावा. एका मोठ्या यंत्राऐवजी दोन लहान यंत्रे घ्यावीत. एक बंद पडले तरी दुसरे पीक तगवून धरते.

झाडांचा 'दिवस' घड्याळातील रात्री ठेवणे हा एक सोपा उपाय आहे. रात्री बाहेरची हवा थंड असल्याने एसीवरील ताण कमी होतो. मात्र काही ग्राहकवर्गांना वेळेनुसार वेगळे वीजदर लागू असतात आणि ते बदलतही असतात. तेव्हा वीज आकार, वहन आकार, स्थिर आकार आणि मंजूर भार हे बिलावरील चारही आकडे नीट वाचून मगच वेळ ठरवावी. हिवाळ्यातील रात्री बाहेरची थंड हवा पंख्याने आत घेऊन काही वीज वाचविता येते. ४ किलोवॅट उष्णता ५ अंशांच्या फरकावर काढण्यास तासाला सुमारे २,४०० घनमीटर हवा लागते. पंख्याने खोली बाहेरच्या हवेपेक्षा थंड होत नाही, एवढे मात्र विसरू नये. येणाऱ्या हवेला बारीक जाळीची गाळणी अवश्य असावी. नाहीतर दिव्यांकडे ओढले जाणारे कीटक आत येऊन पीकही बिघडते आणि जीवहिंसाही घडते.

सर्वांत गंभीर प्रसंग म्हणजे एसी बंद पडणे आणि दिवे चालू राहणे. वर सांगितलेल्या खोलीत १० किलोवॅटचे दिवे असतील, तर केवळ हवेचा विचार करता तापमान मिनिटाला दोन अंशांहून अधिक वाढू शकते. भिंती आणि पाणी काही उष्णता शोषून घेतात, म्हणून प्रत्यक्ष वेग कमी असतो. पण दिव्यांच्या अर्ध्या पाळीत महिन्याचे पीक होरपळण्यास तो पुरेसा आहे. म्हणून ठरावीक तापमानाच्या वर दिवे आपोआप बंद करणारा थर्मोस्टॅट आणि कॉन्टॅक्टर बसविणे ही हौस नसून विमा आहे. गोदामात बारदान, सुतळी आणि लाकडी फळ्या असतात. तापलेले चोक आणि जुनी वायर यांची त्यांच्याशी सोयरीक होता कामा नये. वायरिंग जाणत्या, परवानाधारक वीजतंत्रज्ञाकडूनच करून घ्यावे.

केशराचा मोह

अलीकडे बंद खोलीतील केशराची चर्चा व्यापारी कुटुंबांत बरीच ऐकू येते. पूजेतील केशर घरच्या खोलीत फुलावे, ही कल्पना कोणालाही भावेल. येथे उष्णतेचे गणित थोडे वेगळे आहे. केशराचे फूल कंदात साठलेल्या अन्नावर येते. त्या काळात प्रखर दिव्यांची गरज नसते. कंदात फूल धरताना २३ ते २७ अंश आणि फूल बाहेर येताना सुमारे १७ अंश तापमान मानवते. पण फुले काढल्यावर पाने वाढून नवे कंद पोसण्यासाठी खोली एकाच वेळी प्रकाशमान आणि थंड ठेवावी लागते, आणि तोच सर्वांत खर्चिक काळ. पहिल्या बहरावरून नफा मोजणाऱ्याने पुढील वर्षाचे कंद कुठून येणार, हे आधी विचारावे. एक किलो केशरासाठी सुमारे दीड लाख फुले लागतात, हेही ध्यानात असावे.

अनर्थदंडाचा विचार

श्रावकाच्या गुणव्रतांत अनर्थदंडविरमण व्रताला स्थान आहे. प्रयोजनाशिवाय घडणारा आरंभ टाळावा, हा त्याचा गाभा. निष्कारण अग्नी पेटविणे आणि निष्कारण पाणी सांडणे यांची गणना आचार्यांनी प्रमादचर्येत केली आहे. गृहस्थाला व्यवसाय करावा लागतो, त्यात काही आरंभ अटळ आहे. पण ६४ युनिटांत होणाऱ्या कामासाठी १६० युनिट जाळणे आणि त्यातून निघालेली उष्णता उपसण्यासाठी पुन्हा वीज जाळणे, यात प्रयोजन कोणते? येथे धर्माची शिकवण आणि हिशेबनिसाचा सल्ला एकाच दिशेने जातात. एसीच्या नळीतून रोज गळणारे चाळीस-पंचेचाळीस लिटर पाणी गाळून पुन्हा वापरता येते. तेही मोरीत सोडण्याचे कारण नाही. आणि चातुर्मासात ज्या घरात पालेभाजी वर्ज्य असते, त्या घराने पालेभाजीचा बारमाही कारखाना काढताना घरातील ज्येष्ठांशी बोलून घेणे हेही यत्नाचाराचाच भाग होय.

निर्णय

त्या सोलापूरच्या घरात वाद झाला नाही, याचे श्रेय आजोबांच्या प्रश्नाला द्यावे लागेल. त्यांनी योजना फेटाळली नाही. एक रिकामा रकाना दाखविला. मुलाने चार दिवसांत आकडे पुन्हा मांडले. सोडियमचे दिवे रद्द झाले. विजेची बेरीज पाहिल्यावर तोच म्हणाला, "बाबा, एवढ्यात गोदामाला हात लावायला नको."

ठरले ते असे. गोदामाच्या एका कोपऱ्यात एकच मांडणी, तिच्यासाठी वेगळे सब-मीटर, दिव्यांसाठी एक आणि थंडाव्यासाठी दुसरे. प्रयोग मुद्दाम एप्रिल ते जून या तीन महिन्यांत करावयाचा. बहिणीने नोंदवही आपल्याकडे घेतली. दोन्ही मीटरचे आकडे, एसीच्या नळीखालच्या बादलीतील पाणी, पानांचे व हवेचे तापमान आणि तोडणीचे वजन रोज लिहावयाचे. पाचगणी-महाबळेश्वरच्या बाजूने हॉटेलांना येणाऱ्या लेट्यूसचा भावही त्याच पानावर नोंदवावयाचा. कारण ज्या मालाशी स्पर्धा, त्याला सूर्य फुकट मिळतो. उन्हाळ्याचे आकडे पेलले, तरच पुढचे पाऊल. आणि तेही तारणाशिवाय जेवढे झेपेल तेवढेच.

अशा योजना घेऊन घरातील तरुण समोर आला, तर ज्येष्ठांनी त्याच्या उत्साहावर पाणी टाकू नये आणि डोळे झाकून सहीही करू नये. पाच गोष्टी लेखी मागाव्यात. दिवे मिळून किती किलोवॅट, ती उष्णता काढण्यास वैशाखात किती टन, दोन्हींची मिळून रोजची युनिटे किती, पिकातून निघणारे पाणी कुठे जाणार, आणि एसी थांबली तर दिवे कोण बंद करणार. ही पाच उत्तरे ज्याच्याजवळ आहेत, त्याला कर्ज मागण्याचा अधिकार आहे.

आजोबांनी नव्या वहीच्या पहिल्या पानावर श्री लिहिले आणि जमाखर्चात एक नवे खाते उघडून दिले. त्याचे नाव त्यांनी स्वतःच्या हाताने घातले : ऊब खाते.